कंधार, लोहा आणि माळेगाव : एका बाजाराची तीन ठिकाणे

एखादे गाव बाजारपेठ म्हणून नावारूपास का येते, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडात शोधू गेल्यास ते बहुधा जुन्या दप्तरांत सापडते. त्या देशात मध्ययुगात बाजार भरविण्याचा हक्क ही राजाने द्यावयाची देणगी असे. राजाची सनद मिळाली म्हणजे बाजाराचा वार ठरे, चौकात दगडी क्रूस उभा राही आणि पुढे कधी कधी गावाच्या नावाआधी ‘मार्केट’ हा शब्द कायमचा जडून जाई. मार्केट हारबरो, मार्केट ड्रेटन ही नावे अशीच पडली. चिपिंग नॉर्टन या नावातील पहिला शब्दही व्यापार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचाच वंशज होय. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या ग्रंथात तर बाजारांच्या अंतराचे एक मोठे व्यवहारी गणित आहे. माणसाची एका दिवसाची वाटचाल वीस मैल धरावी आणि दिवसाचे तीन भाग करावे. एक भाग जाण्याचा, दुसरा देवघेवीचा आणि तिसरा दिवस मावळण्यापूर्वी घरी परतण्याचा. यास्तव दोन बाजारांमध्ये निदान पावणेसात मैलांच्या जवळपास अंतर राहिले पाहिजे. त्याहून जवळ नवा बाजार बसल्यास तो जुन्या बाजारास बाधक समजावा.

आपल्याकडेही पेठ वसविताना राज्यकर्ते कौल देत, शेटे व महाजन नेमत आणि आरंभीची काही वर्षे जकातीची सूट देऊन व्यापाऱ्यांना बोलावून घेत. परंतु कौलाने पेठ वसते एवढेच. ती टिकते जमीन, पाणी आणि वाट यांच्या बळावर. या विधानाची प्रचीती पाहावयाची असेल, तर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कंधार, लोहा आणि माळेगाव या तीन गावांचा एकत्र विचार केला पाहिजे. एक गाव एके काळी राजधानीचे वैभव भोगलेले, दुसरे हमरस्त्यावरचे, आणि तिसरे वर्षातून काही दिवसांपुरते नगर होणारे. तिन्ही मिळून एकच बाजार कसा होतो, हे या प्रदेशाच्या रचनेवरूनच कळून येते.

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता गोदावरी ओलांडून विष्णुपुरी, सोनखेड या गावांवरून नैर्ऋत्येस निघतो. आरंभी गोदाकाठची खोल काळी जमीन लागते. पुढे जमीन हळूहळू उंचावते, मातीचा थर पातळ होत जातो, मुरूम उघडा पडतो आणि ठिकठिकाणी काळा खडक डोके वर काढतो. बालाघाटाच्या डोंगराळ पठाराचा हा पूर्वेकडील भाग होय. नांदेडपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर लोहा लागते. तेथून मुख्य रस्ता माळेगाव व अहमदपूरवरून लातूरकडे जातो, आणि एक फाटा आग्नेयेस बारा-पंधरा किलोमीटरांवरील कंधारला पोहोचतो. ब्रॅक्टनचे गणित ज्यांनी कधी ऐकलेही नाही, त्यांच्या बैलगाड्यांनी येथे जवळजवळ तेच अंतर राखलेले दिसते.

या उंचवट्याच्या उत्तर अंगाचे पाणी सरळ गोदावरीस मिळते. दक्षिण अंगाचे पाणी मन्याड नदी घेऊन जाते. ती मांजरेस मिळते आणि मांजरा अखेर गोदावरीसच येऊन मिळते. पाणी शेवटी एकाच नदीत जात असले, तरी दोन्ही बाजूंचे जीवन मात्र सारखे नाही. गोदाकाठच्या खोल काळ्या रानात कापूस व ज्वारी उत्तम पिकते. पण जेथे सारी जमीन नांगराखाली आली, तेथे चराऊ रान कोठून उरणार? उलट कंधार, लोहा व मुखेड या बाजूच्या माळरानावर पीक बेताचे, परंतु गवत आणि मोकळे रान पुष्कळ. खोल काळी जमीन नांगरावयास दमदार बैल लागतात, आणि ते निपजविण्याची सोय माळावर आहे. ज्याला बैल पाहिजे त्याच्याकडे धान्य व कापसाचा पैसा आहे, आणि ज्याच्याकडे बैल आहे त्याला धान्य पाहिजे आहे. या परस्परांच्या गरजेतूनच येथला बाजार जन्मास आला.

तिन्ही गावांत वयाने व मानाने थोर म्हणावयाचे ते कंधार. राष्ट्रकूटांच्या बिरुदांमध्ये ‘कंधारपूर’ या नगराचे नाव येते. त्यांची सुप्रसिद्ध राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. तरीही कंधारचा मान त्यांच्या काळी मोठा होता यात संशय नाही. गावाजवळील विस्तीर्ण तलावास ‘जगत्तुंग समुद्र’ असे नाव आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातील गोविंद तिसरा (७९३–८१४) या पराक्रमी राजाचे बिरुद होते. कंधार येथे मिळालेल्या कृष्ण तिसरा (९३९–९६७) याच्या काळातील शिलालेखात या नगरातील देवालयांची आणि दानधर्माच्या व्यवस्थांची माहिती येते. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयवही येथे सापडले असून, नुसते पाऊल पाहिले तरी मूळ मूर्तीच्या उंचीची कल्पना येऊन पाहणारा थक्क होतो.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. त्यास डोंगराचे संरक्षण नाही; ते काम पाण्याने भरलेला खंदक आणि दणकट तटबंदी यांनी करावयाचे. राष्ट्रकूटांनंतर येथे अनेक सत्ता नांदल्या. निजामशाहीच्या अखेरच्या काळात, १६३१ साली, शहाजहानच्या फौजांनी वेढा घालून हा किल्ला घेतला. पुढे १७२४ पासून दक्षिणेत असफजाही सत्तेचा पाया घातला गेला आणि हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली राहिला. राजसत्ता नांदते तेथे फौज नांदते. आणि फौज म्हटली की दाणा, वैरण, कापड, चामडे आणि लोखंड यांची मागणी आलीच. जुन्या कंधारच्या बाजारास हा एक भक्कम आधार होता. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यामुळे येणाऱ्या भाविकांची त्यात भर पडे.

परंतु फौजेच्या आधारावर उभा असलेला बाजार फौज गेली की सुकू लागतो. तटाचे दगड जागच्या जागी राहतात, पण त्यांच्या आश्रयाने आलेला व्यापारी निराळी वाट धरतो. येथे ही वाट कोणती होती, हे समजण्यासाठी लमाणांच्या तांड्यांची आठवण केली पाहिजे. पक्क्या सडका होण्यापूर्वी दख्खनमधील धान्य आणि मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत असे. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो, प्रसंगी हजारो बैल माळरानातून चरत चरत पुढे सरकत. मोगलांच्या मोठमोठ्या फौजांनाही दाणापाणी पुरविणारे हेच लोक. कंधार, लोहा, मुखेड या भागांत आजही जागोजाग तांडे दिसतात. लमाणास तटबंदीची गरज नव्हती. त्याला पाहिजे होते गवत, पाणी आणि मोकळी वाट. हे तिन्ही या माळावर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि लमाणांच्या वाहतुकीचा काळ संपत गेला. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागला व नांदेड हे कापसाचे मोठे केंद्र बनले. उस्मानशाही मिलची चिमणी हे त्या भरभराटीचे चिन्ह होते. दुसऱ्या बाजूने बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ च्या सुमारास लातूरला येऊन पोहोचला आणि लातूरची पेठ गजबजली. आता नकाशावर दोन मोठ्या पेठा दोन टोकांस उभ्या राहिल्या आणि त्यांना जोडणारी सडक मधल्या उंचवट्यावरून गेली. त्या सडकेवर लोहा होते. कंधार बाजूला राहिले. राजधानीच्या इतिहासाने जे लोह्यास दिले नव्हते, ते सडकेने दिले.

लोह्याचे महत्त्व शासनाच्या दप्तरात उमटावयास मात्र पुष्कळ काळ लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राची स्थापना झाली. या सर्व काळात लोहा हे कंधार तालुक्यातीलच एक गाव होते. स्वतंत्र लोहा तालुका १९९९ साली झाला. पुढे मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभा मतदारसंघास जोडला गेला. जिल्हा नांदेड आणि खासदार लातूरचा, ही गोष्ट परक्यास विचित्र वाटते. पण ज्या गावाचे सारे भाग्यच नांदेड आणि लातूर यांमधील रस्त्यावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही.

अशा गावच्या बाजाराची दोन अंगे असतात. पहिले आठवडी बाजाराचे. आसपासच्या गावांचे वार निरनिराळे असतात, आणि बांगडीवाला, कापडवाला, मसाल्याचा व्यापारी आपली पाले घेऊन आज येथे तर उद्या तेथे असा आठवडा पुरा करतो. शेतकरी कोंबडी, भाजी, पायली-दोन पायली डाळ घेऊन येतो आणि मीठ, तेल, गूळ घेऊन परततो. दुसरे अंग अडतीचे. येथे तूर, मूग, उडीद, ज्वारी, कापूस आणि अलीकडे सोयाबीन यांचे ढीग पडतात. अडत्या, मापाडी आणि हमाल यांच्या हातून माल पुढच्या पेठेकडे जातो. या व्यवहारात शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला होता. हैदराबाद संस्थानानेही १९३० साली शेतमालाच्या बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने सर्वत्र कृषी उत्पन्न बाजार समित्यांची घडी बसविली. इंग्लंडात राजाच्या सनदेने जे साधू पाहिले, म्हणजे खरे माप, उघडा लिलाव आणि ठरावीक जागा, तेच येथे कायद्याने साधण्याचा यत्न झाला.

तथापि या प्रदेशाच्या बाजाराचे अस्सल स्वरूप पाहावयाचे ते लोह्याच्या अडतीत नव्हे. त्यासाठी याच तालुक्यातील माळेगावी जावे लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे बहुधा डिसेंबर किंवा जानेवारीत, तेथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. एरवी हे एक लहानसे खेडे. यात्रेच्या दिवसांत मात्र माळावर राहुट्या व पालांचे नगर उभे राहते. रिसनगावच्या नागोजी नाईकांच्या मानाच्या पालखीचे आगमन होते, देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या घोषाने माळ दुमदुमतो.

जनावरांचा बाजार खंडोबाच्याच दारी का भरावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. खंडोबाचे वाहन घोडा, त्याच्या पायाशी कुत्रा. लोककथेप्रमाणे त्याची पहिली पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक आणि दुसरी बाणाई ही धनगराची लेक. एक दुकानदाराच्या घरची, दुसरी मेंढरांच्या वाड्यावरची. आणि या दोघी सवतींचे भांडण हा तर लोकगीतांचा मोठा आवडता विषय. पेठेत बसणारा आणि माळावर फिरणारा अशा दोघांचाही जावई असलेला हा देव. दोघांनीही एकत्र यावयाचे तर याच्याहून सोयीची जागा कोणती? देवाच्या पायाशी घेतलेले व दिलेले वचन सहसा मोडले जात नाही, हाही लाभ उधारीच्या व्यवहारात लहान नव्हे.

माळेगावच्या बाजारात घोडे, गाढवे, उंट आणि मुख्यतः गुरेढोरे येतात. गुरांत दोन जातींचा मान विशेष. लाल कंधारी ही या भूमीचीच जात. तिचे नावच कंधारवरून पडले आहे. अंगाचा रंग सर्वत्र एकसारखा गर्द तांबडा, बांधा मध्यम पण काटक, उन्हातान्हात व बेताच्या चाऱ्यावर काम करणारा. गाय दूध फार देत नाही. ही जात मुख्यतः औतासाठी जोपासली गेली. दुसरी देवणी ही लातूर जिल्ह्यातील देवणी व उदगीर भागातील. ती दुधास व कामास दोन्हीकडे चालते. तिच्यात बालंक्या, वानेरा व शेवेरा असे तीन प्रकार ओळखतात. वानेरा म्हणजे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असतात. बालंक्या बहुतांशी पांढरा. या दोन्ही जातींची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अधिकृत नोंद केलेली आहे.

सौद्याची रीतही पाहण्यासारखी असते. दावणीला बांधलेल्या जोड्यांभोवती शेतकरी फिरतो. तोंड उघडून दात मोजतो. जनावर आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की दात जुळलेले आहे, यावरून वय कळते. मग खुर, वशिंड, शेपूट आणि अंगावरचे भोवरे पाहिले जातात. जोडी चालवून पाहिली जाते. मध्ये हेडी असतो, म्हणजे गुरांचा व्यापारी किंवा दलाल. भाव मात्र तोंडाने बोलायचा नाही. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटे धरून आकडा सांगितला जातो. भोवती पाच-पन्नास माणसे उभी असली, तरी काय ठरले ते त्या दोघांनाच ठाऊक. यामुळे विकणाऱ्यास पुढच्या गिऱ्हाइकाशी नव्याने बोलावयास जागा राहते, आणि घेणाऱ्यास कमी भाव बोलल्याची लाज वाटत नाही. सौदा जमला की इसार दिला जातो. गुरांच्या मागोमाग त्यांचा साजही विकावयास येतो : झुली, गोंडे, घुंगूरमाळा, कासरे, वेसणी. पलीकडे घोंगड्या, विळे, खुरपी आणि भांडी यांची रांग लागलेली असते.

ही यात्रा भटक्या लोकांचीही होय. वर्षभर वाटा तुडविणाऱ्या अनेक जमाती येथे एकत्र येतात, सोयरिकी जुळवतात आणि पूर्वी आपल्या जातपंचायतीही येथेच भरवीत. या संदर्भात इंग्लंडातील एका जुन्या संस्थेची आठवण होते. तेथील जत्रांत ‘पायपावडर’ नावाची न्यायसभा बसत असे. फ्रेंच भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ धुळीने भरलेले पाय असा आहे. फिरत्या व्यापाऱ्याच्या पायांची धूळ झडण्यापूर्वीच तंटा मिटला पाहिजे, नाहीतर वादी एका दिशेस व प्रतिवादी दुसऱ्या दिशेस निघून जाणार. भटक्यांच्या पंचायतीमागेही हीच अडचण होती. परंतु इंग्लंडातील न्यायसभा बहुधा मालाचे व उधारीचे तंटे पाही. येथील पंचायतीचा हात माणसाच्या संसारापर्यंत पोहोचे आणि तिचा बहिष्कार कित्येकांना, विशेषतः स्त्रियांना, फार जाचक होई. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, तो याच कारणाने.

यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पशुप्रदर्शन, कृषिप्रदर्शन, कुस्त्या, लावणीचे कार्यक्रम यांची त्यात भर पडली असून पाहुण्यांची गर्दी ओसरलेली नाही. तथापि गर्दी आणि बाजार या दोन गोष्टी एक नव्हेत. शेतात ट्रॅक्टर आला आणि गोदाकाठच्या शेतकऱ्याची बैलाची गरज कमी झाली. ज्या मागणीवर माळावरची पैदास अवलंबून होती, तीच आटू लागली. पूर्वी थकलेला बैल विकून त्यात थोडी भर घालावयाची आणि नवी जोडी आणावयाची, अशी साखळी होती. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीस राज्यात बंदी झाल्यावर म्हाताऱ्या बैलास गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले व या साखळीचा एक दुवा सुटला. २०२० पासूनच्या कोरोनाच्या साथीत गर्दीच थांबली. २०२२ साली लम्पी रोगामुळे राज्यभर गुरांच्या बाजारांवर निर्बंध आले.

एखादी जात सरकारी नोंदवहीत लिहिली गेली म्हणजे ती जगली असे होत नाही. लाल कंधारी टिकली ती प्रयोगशाळेत नव्हे. ती टिकली दरवर्षी माळावर दात, खूर व चाल पारखणाऱ्या हजारो शेतकऱ्यांच्या निवडीमुळे. चांगल्या खोंडास चांगला भाव मिळाला, म्हणून त्याच्या गाईची पुढची वेतेही नीट जोपासली गेली. ही पारख बाजारातच शिकविली जाते. बाप दात मोजतो आणि मुलगा शेजारी उभा राहून पाहतो. बाजार थांबल्यास जनावराबरोबर ही विद्याही नाहीशी होईल. उलट थोड्या जमिनीचा, डोंगरउताराच्या शेताचा, ट्रॅक्टरचे भाडे न परवडणारा शेतकरी या माळावर अजून पुष्कळ आहे, आणि त्याला बैलावाचून गत्यंतर नाही. त्याला परवडेल अशा भावात निरोगी जोडी मिळावी, जनावरांची वैद्यकीय तपासणी बाजारातच व्हावी, आणि म्हाताऱ्या जनावराच्या पोषणाची काही व्यवस्था लागावी, एवढे झाले तर हा बाजार प्रदर्शनापुरता उरणार नाही.

कंधारने फौज गेलेली पाहिली, लोह्याने तांडे जाऊन मोटारी आलेल्या पाहिल्या. प्रत्येक वेळी बाजाराने जागा बदलली, पण माळ आणि खोरे यांची एकमेकांस असलेली गरज सुटली नाही, म्हणून तो मोडला नाही. आता प्रथमच त्या गरजेलाच ओहोटी लागली आहे. पुढे काय होणार, याचा अंदाज घ्यावयाचा असेल, तर मार्गशीर्षात माळेगावच्या माळावर लाल कंधारी खोंडांच्या दावणीपाशी किती शेतकरी दात मोजण्यासाठी थांबतात, तेवढे पाहावे.